दोन बोटं

देऊसकरांनी सोमवारी आणून टाकलं चित्र,
चादरीत गुंडाळून, रिक्षातून.
घोडबंदरला एकविसाव्या मजल्यावर त्यांची नवी भिंत आहे,
चित्र जुनं, आजोबांनी लिलावात घेतलेलं.
मागे लाकडावर शाईनं १८६४
आणि कुणा साहेबाची न लागणारी सही.

खाडी आहे. आमचीच.
पारसिकचा डोंगर अजून अख्खा,
कळव्याचा पूल नाही, कुठलाच नाही,
मधोमध एक पडाव,
नळीच्या कौलांनी तोंडापर्यंत भरलेला.
शिडाला तीन ठिगळं, तिन्ही वेगळ्या रंगांची.
वरामीवर एकजण चुलीवर काहीतरी ढवळतोय.
साहेबानं धूरसुद्धा काढलाय,
माणसाचा चेहरा काढायचा राहिलाय.

बाबा दुपारचे येऊन बसतात दुकानात.
तीस वर्षं खारेगावच्या बंदरावर
बुडी मारून बादलीनं रेती काढली,
कान गेले, डोळे आहेत.
चित्र बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.
"सुकती लागलीय," म्हणाले,
"चिखल बग किती उघरा परलाय.
न् यो भरलेला पराव वर चाललाय?
शिरात वारा बी नाय.
खुला व्हता तुजा सायेब."

मी हसलो. म्हटलं, असेल.

जुनी फ्रेम सागवानी, कोपऱ्यात वाळवीनं पोकळ.
खिळे उपटले, चित्र सुटं केलं,
तर डाव्या कडेला निघाली दोन बोटं रुंद पट्टी,
जिथं दीडशे वर्षं ऊन पोचलं नव्हतं.
बाकी सगळी खाडी चहाच्या रंगाची झालेली,
इथं हिरवी.
ओली वाटली, मी खरंच हात मागे घेतला.

पट्टीत दोन माणसं.
तिवरांच्या बुडाशी, मांडीभर चिखलात,
इतकी वाकलेली
की आधी मुळंच वाटली मला.
खांद्यावरून दोर.
तो दोर पार पडावापर्यंत जातो,
चार दिवस मी त्याला
पाण्यावरची रेघ समजत होतो.
त्यातली एक बाई आहे.
तिचं तोंड काढलंय.

बाबांना हाक मारली, ऐकू गेली नाही.
चित्र उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.
बराच वेळ काही नाही.
मग उजवा हात शर्टात घालून
डाव्या खांद्यावरचा घट्टा त्यांनी चाचपला.
"अस्सं," म्हणाले, "मंग बरोबर हाय."

संध्याकाळी देऊसकरांचा फोन.
पट्टी सोनेरी, तीन इंची, माप जुनंच ठेवा,
कडेला डागबिग असतील तर जाऊ देत आत.
हो म्हणालो.
रंधा मारताना खाच घ्यायची होती दोन बोटं,
घेतली दोन सूत.

चित्र भिंतीवर थोडं मोठं होईल,
खिळा सरकवावा लागेल त्यांना.
सरकवतील.