चुन्याची कांडी

ब्रॅडफर्डच्या नाटकघरात माझा बाप
एकोणीस पायऱ्यांच्या शिडीवर, विंगेतल्या माळ्यात बसायचा.
तिथून नाटक दिसायचं ते नुसत्या डोक्यांचं :
राजाचा भांग, राणीचा अंबाडा,
भुताच्या टकलावरची पावडर.

वायूच्या दोन पिशव्या फळ्यांत दाबलेल्या,
फळ्यांवर लोखंडी वजनं,
आणि पुढे बोटाएवढी चुन्याची कांडी.
ज्योत तिला चाटत राहायची.
कांडी जळायची नाही, तापायची फक्त,
तापून तापून एवढी पांढरी व्हायची
की खाली ऑगस्टा पेनरोजबाईंच्या गालावर
चांदणं पडायचं.

दर मिनिटाला कांडी जराशी फिरवायची.
विसरलं की खड्डा पडतो,
खड्ड्यातून ज्योत उलटते, थेट भिंगावर.
एकदा भिंग फुटलं, बापाच्या भुवया गेल्या.
लोकांनी टाळ्या वाजवल्या :
त्यांना वाटलं, वीज कडाडली.

बाईंनी त्याला कधी पाहिलं नाही.
नाताळला एक शिलिंग वर यायचा,
आणि अधूनमधून चिठ्ठी :
"काल चंद्र उशिरा उगवला."

घरीही हात थांबायचा नाही.
जेवताना मिठाची कुपी फिरायची.
मला गोवर आला त्या रात्री
उशाशी बसून, दर मिनिटाला
कपाळावरची ओली घडी जराशी फिरवत राहिला.
मी अंधारात मोजत होते.

मग तारा आल्या. पितळी दांडा आला,
दांड्याशी सोळा वर्षांचा पोरगा, खिशात सफरचंद.
मॅनेजर म्हणाला, थॅकरे, तुझी सोय करतो.
ज्यानं जन्मभर चुना फिरवला
त्यालाच लावला शेवटी.

एकदा तिकीट काढून तो समोर बसला,
स्वस्तातल्या बाकावर, मी शेजारी.
पहिल्यांदाच त्याला बाईंचा अख्खा चेहरा दिसला.
घरी येईपर्यंत बोलला नाही.
बूट काढताना म्हणाला,
"उजेड बरा आहे. पण श्वास घेत नाही.
आणि तिला सांगायला हवं कुणीतरी,
हनुवटी जरा खाली."

तो गेल्यावर फडताळात पत्र्याचा डबा सापडला,
झाकणाला मेण लावलेलं.
शेवटची कांडी. दमट हवेनं तरी गाठलंच होतं :
आत नुसतं पीठ.
बोट ओलं करून लावलं. वाटलं, तापेल.
नाही तापलं.

डबा परत ठेवला.
ठेवताना जरासा फिरवला.