शेरा

खांब एकशे बारा ते एकशे साठ. आज एवढंच.
दाविद तारांच्या डाव्या अंगानं चालतो, मी उजव्या.
बोलत नाही. बोलायला लागलं की नजर वर जाते,
आणि आमचं काम खाली आहे.

कारूत पाऊस झाला की टोळ निघतात,
टोळांमागं लुडविग माळढोक येतात,
पश्चिमेकडून, म्हणतात. रात्रीसुद्धा उडतात, म्हणतात.
मला ते पोचलेलेच सापडतात.

पहिला: नुसती पिसं, वाऱ्यानं झुडपात विणलेली.
दुसरा: एक पंख, कोल्ह्यानं उष्टा टाकलेला.
तिसरा आज पहाटेचा.
मुंग्यांना अजून पत्ता लागला नव्हता.
उचलला तर तान्ह्या बाळाएवढा जड,
मानेमागचा तांबूस पट्टा दवानं ओला.
पायाला तीनच बोटं. मागचं बोट या घराण्यालाच नाही,
म्हणून फांदी धरता येत नाही, झाडावर रात्र काढता येत नाही.
कावळा खांबावर बसून आमच्याकडे बघतो.

बाप मेंढरं कातरायचा, त्याला हे सगळं गोत पाठ.
गोमपाउ: बाभळीचा डिंक खाणारा,
इतका वजनदार की उडायच्या आधी विचार करतो.
कारू कोरहान: नवराबायको उजाडताना एकाच सुरात कुरकुरतात.
काळा कोरहान: अख्ख्या माळाला शिव्या घालत उठतो.
ऑफिसातली थांदेका म्हणाली,
जगात पंचवीस-सव्वीस जाती, बहुतेक सगळ्या उतरणीला.
एक हिंदुस्थानात आहे, कमरेएवढी उंच,
दीडेकशे उरली असेल.
मी विचारलं, तिथं कोण मोजतं?
असेल कुणीतरी.
तिथंही तारा आहेत?
तिनं पेनाचं टोपण लावलं.

तिनंच चित्र काढून दाखवलं होतं:
यांचे डोळे डोक्याच्या कडांना.
उडताना मान वाकवून खालचं हिरवं शोधतात
तेव्हा समोर ठार काळोख.
"म्हणजे फ्लोरस," दाविद म्हणाला.
फ्लोरस त्याचा मेव्हणा, गेल्या नाताळात
गाढवगाडी सरळ फाटकावर घातली त्यानं.
आम्ही हसलो. थांदेकाही हसली, उशिरानं.

मग तारांना चकत्या लावल्या, वाऱ्यात फडफडणाऱ्या.
निळे क्रौंच वाचायला लागले.
हे नाही.
खाली बघत चाललेल्याला वरची पाटी काय कामाची.

तारेला मी शिवी देत नाही.
अठ्ठ्याण्णव साली याच तारेतून आमच्या स्वयंपाकघरात
एक दिवा आला, त्याच्याखाली रोझलिननं अपूर्णांक सोडवले,
आता ती किम्बर्लीत बँकेत आहे.
शिवी जिभेवर येते आणि
बल्बभोवती घिरट्या घालून खाली पडते.

एकशे सत्तावन्न. दाविद थांबला. बोट वर.
पाच. पश्चिमेकडून, संथ, मोठाल्या पंखांचे,
माना वाकलेल्या.
आणि मला एकाएकी सुचलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा:
तार दिसत नसेल, पण आम्ही दिसत असू.
जर्सी काढली, गरगर फिरवली, ओरडले.
दाविद गुडघा विसरून उड्या मारत होता,
टोपी फेकत होता, मेंढरं हाकलावीत तसा
हो हो हो करत होता.

तीन वळले. एक उंच गेला.
पाचवा तारांच्या मधून कसा निघाला
ते मला कळलं नाही. दाविदला विचारलं,
त्यानं डोळे मिटले होते.

फॉर्मात वरून गेलेल्यांसाठी रकाना नाही.
शेवटचा रकाना शेऱ्याचा,
तो रिकामा सोडला तरी चालतो, ऑफिस म्हणतं.
तिसऱ्यापुढं मी लिहिलं: पोटात टोळ, भरपूर.
मग पुढच्या ओळीत: पाच.
मग "पाच" खोडलं नाही, तसंच ठेवलं,
आणि एकशे अठ्ठावन्नकडे निघालो,
खाली बघत.