मेंढ्यासाठी रकाना

हिशेब तसा सरळ होता.
एक कुटुंब, एक उत्पन्न, दारात एक जुनी गाडी
आणि माझ्या हातात दोन पत्ते:
डावीकडे पेट्रोल, उजवीकडे बॅटरी,
खाली किंमत, पल्ला, चार्जर किती किलोमीटरवर.
एकावर बोट ठेवा, म्हणायचे मी.
लोक ठेवायचे,
उन्हातून आलेल्या पोरीचं मन कशाला मोडा म्हणून.

अतो गेब्रेयेस यांनी ठेवलं नाही.
गोटेराच्या पुलापाशी औषधांचं दुकान,
कोरोला वडिलांची,
तिचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन मतं.
त्यांनी पत्ता उलटून मागची कोरी बाजू वाचली
आणि विचारलं,
ही देब्रे बिरहानचा चढ चढेल?
आईच्या तेझकारला, स्मरणाच्या जेवणाला,
सात माणसं आणि एक मेंढा घेऊन?

मेंढ्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

आणि शिफेरावला काय सांगू, म्हणाले.
शिफेराव गाडीखालीच होता,
दिसत होते फक्त पाय, एकाच पायात चप्पल.
तिथूनच बोलला:
तिच्या आत काही हलत नाही म्हणतात.
जिच्या आत काही हलत नाही
ती बिघडली हे कळायचं कसं?
मी लिहून घेतलं: प्रतिसाद नाही.

पाचव्या मजल्यावर वक्ररेषा मात्र देखणी आली.
आधी बराच वेळ पडून, मग एकदम उठलेली,
मग वर जाऊन दमलेली.
शेजाऱ्याचं बघून माणूस किती बदलतो
हा आकडा मी एका बर्फाळ देशाकडून उसना आणलेला.
पेट्रोलविक्री आमच्या पंचांगातली, तेरा महिन्यांची;
मॉडेलला बाराच कळतात,
म्हणून पाच दिवसांचा पागुमे
मी आधीच्या महिन्यात कोंबला.
कोणी विचारलं नाही.
साहेब म्हणाले, घोडं पेंड खातंय ते चार्जरच्या संख्येत.
त्यांनी तिथे बोट ठेवलं. सगळ्यांनी ठेवलं.

त्याच सुमारास आमच्या गल्लीत
देजेनेने बँकेचं कर्ज काढून विजेची गाडी आणली.
मीटर घरमालकिणीच्या नावावर,
म्हणून तिच्या खिडकीतून वायर, गल्ली ओलांडून.
वैझेरो झेनेबेच रोज ती ओलांडायच्या,
झगा वर धरून, शिव्या देत.
तिसऱ्या आठवड्यात थांबल्या.
शिव्या द्यायच्या नव्हत्या,
बिल किती येतं विचारायचं होतं.

वीज जायची. यायची रात्री आठला,
आमच्या घड्याळात आठ, सल्लागाराच्या घड्याळात दोन.
देजेने उठायचा, अनवाणी,
तान्ह्या पोराला दूध पाजायला उठावं तसा,
आणि प्लग लावून पायरीवरच बसून राहायचा
हिरवा दिवा लागेपर्यंत.
माझं मॉडेल वर्षातून एकदाच जागं होतं.

दुसऱ्या फेरीला पुन्हा गोटेरा.
पुलाखाली तेच पाय,
आता दोन्हींत चपला,
आणि वर एक पांढरी, अजिबात आवाज न करणारी गाडी.
काय शिफेराव, मी म्हटलं, हिच्या आत काही हलत नाही ना?
आतलं सोडा, तो म्हणाला,
रस्ते तर आपलेच आहेत!
देवाच्या दयेने सस्पेन्शन अजून मोडतं.

अतो गेब्रेयेस काउंटरमागे खोकल्याचं औषध मोजत होते.
मी पत्ते मांडले.
त्यांनी पत्त्यांकडे पाहिलं नाही, पुलाकडे पाहिलं.
तिथून काहीतरी आलं, मान हलली की पाना,
मला नीट दिसलं नाही.
मग बोट आलं, उजवीकडे.
मेंढा माझा मेहुणा आणेल त्याच्या ट्रकमधून, म्हणाले,
जणू मीच अडून बसले होते.

कचेरीत येऊन नवा रकाना केला.
त्याला काय म्हणतात ते पुस्तकांत सापडलं नाही.
तूर्त शिफेराव एवढंच लिहिलंय.
किंमत शून्य किंवा एक.
साहेब विचारतील, हा कोण,
आणि देशात असे किती,
आणि यांची आकडेवारी कुठे मिळते.

गाडीखाली, सांगीन.
वाकावं लागतं.