निरंक

रात्रपाळी बदलून मिळाली नाही.
पाचला शेवटचं टेंपरेचर घेतलं, चार्ट भरले,
आणि स्टुलावर बसून बूट घालू लागले.
अकरा नंबरच्या कॉटवरचे आजोबा जागेच होते.
सिस्टर, कुठं निघाला?
यवतेश्वरला.
देवाला?
नाही, पळायला.
बराच वेळ छताकडं बघत राहिले.
मग म्हणाले, पण पाठी कोण लागलंय?

परेड ग्राउंडवर अर्धं पुणं, अर्धी मुंबई उतरलेली.
मनगटावर घड्याळं, ती म्हणे हृदयाचे ठोके मोजतात.
मी ते बावीस वर्षं दोन बोटांनी मोजत आले.
छातीवर चार पिना, नंबर बासष्टशे चौदा,
खाली नाव, पद्मजा.
नाव तर एरवीही छातीवरच असतं, पितळी पट्टीवर,
पण कुणी वाचत नाही.
राजवाड्याजवळ एका दूधवाल्या पोरानं वाचलं
आणि किटली वाजवत ओरडला, पळ पद्मजा!
एकेरी.
वडील गेल्यापासून असं कुणी हाकारलं नव्हतं.

समर्थ मंदिराच्या पुढं घाट लागतो
आणि माणसांचं बोलणं थांबतं.
नुसते श्वास. वॉर्डात पहाटे तीनला असतात तसे,
फक्त इथं सगळे उभे.
धुक्यात अजिंक्यतारा नव्हताच,
वर नुसता टीव्हीचा मनोरा,
कुणी सलाइनचा स्टँड विसरून गेल्यासारखा.
वळणावर शाळेच्या मुली
संत्र्याच्या फोडी मीठ लावून देत होत्या.
मी दोन घेतल्या. तिसरी पण घेतली.

उतारावर एक जण कठड्याला टेकून बसलेला,
ठाण्याचा, तिशीतला, पोटरी दगड झालेली.
तुम्ही जा मॅडम, तुमचा टाइम जाईल.
मी म्हटलं, पाय सोडा. ढिला. अजून ढिला.
टाच मांडीवर घेतली, अंगठा मागं रेटला,
गाठ सुटेपर्यंत.
मग तो उठला, दोन पावलं लंगडला, आणि पळाला.
वळणापलीकडं गेला, मागं बघितलं नाही.
बरे झालेले असेच जातात.
जावंच.

मग पाठीमागून तो आवाज, दुसऱ्या गिअरचा.
न बघता ओळखला. आमचीच गाडी,
स्टेअरिंगवर दस्तगीर मुल्ला.
सिस्टर, बसा की. मोकळीच हाय.
माझ्यामागं किती आहेत?
तुमच्यामागं? मीच की.

याच गाडीत, खंबाटकीच्या बोगद्यात,
एका बाईला मी मोकळी केलीय,
गुडघ्यांवर बसून, टॉर्च दातात धरून.
पुण्यापर्यंत कितीदा बाटली उंच धरून गेले,
हात बदलत.
पण कुठलाच घाट मी पाहिलेला नाही.
त्या गाडीच्या काचा दुधी आहेत.
म्हणून म्हटलं, दस्तगीर, लाइट चालू ठेव,
सायरन नको,
मी जरा बघत येते.

तो आला. बैलामागं गाडी यावी तसा,
हॉर्न न देता, पाच किलोमीटर.

कमानीतली हवा सोडून झाली होती.
चार पोरं तिच्यावर लोळून उरलेली काढत होती.
टायमिंगची चटई गुंडाळलेली,
टेबलावरचा मुलगा ओशाळला,
मॅडम, पदक नाही देता येणार, वेळ संपली.
केळं घ्या.
केळं चांगलं होतं. पिकलेलं.

दस्तगीरनं बॉनेटवर लॉगबुक उघडलं,
पेन थुंकीनं ओलं केलं, सवयीनं, बॉलपेन असूनही.
यवतेश्वर ते परेड ग्राउंड.
दहा वाजून चार मिनिटं.
रुग्ण: निरंक.
शेरा या रकान्यात तो थोडा अडला,
मग लिहिलं, सिस्टर पुढे, पायी.
मी सही केली. त्या वहीत सही माझीच लागते.

रात्री जिना उलटा उतरले, कठडा धरून,
पोरी हसल्या.
अकरा नंबर जागे.
कोण होतं मग पाठी?
दस्तगीर.
घावला का त्याला?
नाही.
बरं झालं, म्हणाले,
आणि पांघरुणातून मनगट बाहेर काढून
माझ्यापुढं धरलं.