चंदीच्या पिंपातली वही

मनोरीला हिवाळा विचारून येत नाही.
सोमवारी पहाटे सोळा अंश,
तगरीच्या नाकपुड्यांतून पुसट वाफ,
बस्त्याव एक गोणपाट तिच्या पाठीवर टाकतो
आणि एक स्वतःच्या.
बुधवारी दुपारी चौतीस.
तीच घोडी घामाने काळवंडलेली,
दोन्ही गोणपाटं कुंपणावर,
आणि मी आभाळाकडे बघून म्हणते,
बाई गं, ठरव एकदाचं.

शर्यतीतलं तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं.
पुढच्या उजव्या पायाची शीर दुखावली
तेव्हा ते गळून पडलं.
इथे ती तगर. पांढरी म्हणायची, पण खरं तर
धुऊन पुन्हा मळलेल्या चादरीच्या रंगाची.

पाच वाजता लीद, मग खरारा, मग चंदी,
मग पालथ्या बादलीवर बसून मी लिहिते
दहा वाजेपर्यंत, किंवा माश्या उठेपर्यंत.
वही चंदीच्या पिंपात ठेवते,
तबेल्यात तेवढीच एक कोरडी जागा.
पानांना हरभऱ्याचा वास येतो.
एकदा तगरीने प्रस्तावना खाल्ली.
ती परत लिहिली, आखूड झाली, बरी झाली.

पुस्तक आहे मुंबईतल्या घोड्यांच्या पाणवठ्यांवर,
त्या दगडी डोण्यांवर, ज्यांत आता
चहाच्या कपांखेरीज काही तरंगत नाही.
गद्रे फोन करतात: सहावं प्रकरण?
घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?
मी वळून बघते. कोपऱ्यात. निळ्या घमेल्यातून.
पण हे त्यांना सांगता येत नाही.

रपेट ओहोटी ठरवते.
मतलई वारा पडायच्या आत
ओल्या, कडक वाळूवर अर्धा तास, कदम आणि दुडकी,
भरधाव नाही, त्या पायासाठी.
मांड पक्की असली की हात सैल सोडता येतो.
लिहिताना हे मला कधी जमलेलं नाही.
तिथे मी लगाम इतका ओढते
की वाक्य मागच्या पायांवर उभं राहतं.

आणि मग शनिवारी, ऐन पौषात, पाऊस.
आधी पत्र्यावर कुणी खडे टाकावेत तसा,
मग वीज गेली, मग नुसता आवाज.
तगर पोटाकडे वळून वळून बघत होती,
खुराने जमीन उकरत होती.
बॅटरी फिरवली. पाण्याची बादली
सकाळी होती तितकीच भरलेली.
गार पडलं की पीत नाहीत हे, बस्त्याव म्हणाला,
मग थोडं थांबून,
तुम्ही तर पुस्तक लिहिताय पाण्याचं.

डॉक्टर खाडीपल्याड, शेवटची तर गेलेली.
फोनवर म्हणाले, चालवा. लोळू देऊ नका.
कोमट पाणी दाखवत राहा.
म्हणून आम्ही चाललो, क्रूसापासून
बोंबलांच्या रिकाम्या वलांडीपर्यंत आणि परत,
अंगावर गोणपाट, डोक्यावर गोणपाट,
किती फेऱ्या ते बस्त्यावने मोजलं,
मी फक्त टापा ऐकल्या,
तीन नीट आणि एक जराशी उशिरा,
तीन नीट आणि एक.
वही पिंपातच होती. झाकण लावलं होतं का
ते आठवेना. परत जाऊन बघितलं नाही.

चारच्या सुमारास, वलांडीपाशी,
तिने शेपूट उचललं आणि लीद टाकली.
गरम, वाफाळती, पावसात.
बस्त्यावने छातीवर क्रूस काढला.
मी वाकून हाताने चाचपून बघितली, मऊ होती,
आणि मोठ्याने हसले.
इतकं नेमकं, इतकं वेळेवर काही
माझ्या हातून कधी उतरलेलं नाही.

सकाळी ऊन असं पडलं, जसं काही घडलंच नाही.
झाकण उघडं होतं.
सहाव्या प्रकरणाची शाई फुटून
पानांवर निळी डबकी झाली होती.
मी ती वाळत घातली कुंपणावर, गोणपाटांच्या शेजारी.
तगर आली, एक पान हुंगलं,
फुरफुरली, आणि वळून
बादलीत तोंड घातलं.

किती वेळ पीत होती.
मानेवरून घोट जाताना दिसत होते,
एकामागून एक.
गद्र्यांचा फोन वाजत होता.
मी मोजत होते.