निंबाबाईची काच

नंदुरबारला थंडीत पथाऱ्याच्या पथाऱ्या लाल,
तिथून निंबाबाई आली, एकच डोळा उघडा ठेवून.
पाच दिवस झाले, म्हणाली. देठ खुडताना काहीतरी उडालं.
शेजारणीनं दूध पिळलं, मेडिकलवाल्यानं थेंब दिले,
बुबुळावर कणीएवढं पांढरं वाढतच गेलं.

डॉक्टरांनी खरवडून दिलं ते काचेवर असून नसल्यासारखं.
ज्योतीवरून तीनदा फिरवलं.
जांभळा. आयोडीन. मग स्पिरिट, मोजून.
जांभळं सगळं वाहून गेलं.
शेवटचा रंग लाल.

तेलाचा थेंब, शंभराचं भिंग,
आणि पुवाच्या पेशींमधून
बारीक कांड्या, गुलाबी, आडव्यातिडव्या.

"माले दखाड ना भाऊ."
चांगला डोळा टेकवून ती बराच वेळ गप्प.
मग : "ह्या त मिरच्याच शेतस.
कोनी वायत टाक्यात?"

मी रिपोर्ट लिहिला. ग्रॅम निगेटिव्ह, दंडाकार.
डॉक्टरांनी खाली लिहिलं : तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा.
रात्री तिला कोण उठवणार, त्याला रकाना नव्हता.

ती गेल्यावर स्टुलाशी पदराचा तिखट वास राहिला.
माझा डोळा चुरचुरला.
हात वर गेला,
अर्ध्यात थांबला.