दीड दिवसाचा

कुवारबावच्या आमच्या सोसायटीत अठरा रो-हाउसेस.
आमचं अकरावं.
पाटीवर नुसतं 'मोहिते'.
मोहिते हे आडनाव कोकणात छत्रीसारखं,
खाली कोण उभं आहे ते वरून कळत नाही.

पण माणसं वाकून बघतात.
शेट्येकाकूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं,
गाव कोणतं?
संगमेश्वर तालुका, म्हटलं.
तालुका झाला. गाव?
गाव सांगितलं.
मग त्यांनी कुंडीतलं एक तण उपटलं,
मुळं झटकली, आणि हळूच:
वाडी कोणती?

देवळाला लागून कोण, व्हाळापलीकडे कोण,
हा नकाशा आमच्याकडे सगळ्यांना पाठ.
स्टँडजवळ, म्हणाले मी.
खोटं नव्हतं.
गेल्याच वर्षी व्हाळापलीकडे स्टँड झाला होता.

ह्यांचा पगार, गाडीचा हप्ता,
उत्पलाची शाळा, बाथरूमच्या टाइल्स,
सगळ्याला उत्तरं होती आमच्याकडे.
निळ्या कोटातला फोटो आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला,
दार उघडलं की दाराआड जाणारा.

भाद्रपदात पुन्हा:
तुमचा किती दिवसांचा?
ह्यांच्या तोंडून निघून गेलं, दीड दिवसांचा.

तेव्हापासून सहा वर्षं
कुलूप लावून आंबा घाट चढतो आम्ही.
कोल्हापुरात एक लॉज. तीन माणसं, एक टीव्ही,
टीव्हीवर आरत्या.
येताना साखरप्याला अर्धा किलो खव्याचे मोदक,
दुकानाचा बॉक्स गाडीतच फाडायचा,
मोदक घरच्या स्टीलच्या डब्यात.
उकडीचे नाही केलेत?
सासूबाईंचे हात दुखतात हल्ली.

सासूबाई सात वर्षांच्या होत्या
तेव्हा आईचं बोट धरून
घरातले देव नदीत सोडून आल्या.
पुढच्या वर्षी लवकर या
असं कोणी म्हटलं नव्हतं.
हे त्यांना कळलं तर
हात खरोखरच दुखेपर्यंत मारतील ह्यांना.

मे महिन्यात सेप्टिक टँक उपसायची गाडी आली.
पाइप ओढत होता अनंता,
ह्यांच्या सख्ख्या चुलत्याचा मुलगा.
आमच्या लग्नात रात्रभर जनरेटरपाशी बसला होता.
काकू गॅलरीत.
मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला,
म्याडम, वाईच पानी द्या.
म्याडम!
चौदा वर्षं वयनी म्हणणारा.
मी काचेचा ग्लास नेला, ट्रेमधून.
त्याने ओठ न लावता वरून पाणी ओतलं घशात.
हात घाण होते म्हणून,
की मला सांभाळायला म्हणून,
अजून विचारलेलं नाही.
ग्लास मात्र मी दोनदा धुतला.
हे ह्यांनाही सांगितलेलं नाही.

यंदा डबा द्यायला उत्पला सोबत आली.
काकूंच्या घरी पाच दिवसांचा, गौरीसकट,
खोलीभर अगरबत्ती.
काय गं, कसा होता तुमचा बाप्पा?
उत्पला म्हणाली,
आम्ही लॉजवर होतो. टीव्ही बंद पडलेला.

काकू हसल्या नाहीत. दचकल्याही नाहीत.
डबा घेतला,
आतून कोणीतरी हाक मारली, गेल्या.

रात्रभर मी आणि हे
कोण काय म्हणेल त्याची यादी करत जागे.
उत्पला घोरत होती.

सकाळी कुंपणाच्या भिंतीवर डबा. पालथा.
चिंचेने घासलेला, लख्ख.
बुडावर कोरलेलं मी कधी वाचलंच नव्हतं,
सासूबाईंचा डबा, कोण उलटा करून बघतं:
संबोधी महिला मंडळ, बौद्धवाडी,
हळूहळू झिजत चाललेली अक्षरं.

सहा वर्षं
हाच डबा त्या घासून परत देत होत्या.

रिकामा डबा परत करायचा नसतो, आमच्याकडे.
त्यांच्याकडेही.
मी भिंतीशी उभी आहे.
आत काही आहे का,
हलवून बघायला हवं.